वकीलसाहेबांचा समुद्र

उजव्या हाताची दोन बोटे उपरण्याच्या काठात अडकवायची, उपरणे खांद्यावरून मागे भिरकावायचे आणि समोरच्याचे बोलणे अर्ध्यावर तोडून म्हणायचे, "समुद्र म्हणजे तरी काय हो? पाणीच." आमच्या वकीलसाहेबांची ही लकब ज्यांनी पाहिली नाही, त्यांनी त्या काळचे ठाणे पाहिले असे मी मानत नाही.

विषय कोणताही चालत असे. तळ्यातल्या शेवाळाचा निघाला, शेतातल्या बांधाच्या तंट्याचा निघाला, कुणाच्या घरच्या गळक्या छपराचा निघाला, तरी वकीलसाहेब त्याला हाताला धरून समुद्रापर्यंत नेत. मी तेव्हा नुकती सनद घेऊन त्यांच्या हाताखाली उमेदवारी करीत होतो, आणि राहायलाही तळ्यामागच्या आळीत त्यांच्या शेजारीच होतो. त्यामुळे कोर्टात जाताना एकदा आणि परतताना एकदा, असा तो समुद्र मला रोज ऐकावा लागे.

वकीलसाहेब सुधारक होते. निदान वाचनालयाच्या दिवाणखान्यात तरी होते. परदेशगमनाने धर्म बुडत नाही, या विषयावर त्यांचे एक व्याख्यान ठरलेले होते. ते आम्हा सर्वांना पाठ होते. प्राचीन आर्य जहाजांतून देशोदेशी जात, इथून ते सुरू होई. डोलकाठीचे वर्णन आले की ते हात असा उभारीत की पहिल्या रांगेतले लोक माना मागे घेत. मग वादळ येई. वादळात ते टेबलाचे दोन्ही कोपरे घट्ट धरीत. शेवटी मिशीला पीळ देऊन म्हणत, "सद्गृहस्थहो, जो लाटेला भ्याला, तो संपला." मिशी मोठी भरदार होती. ठाण्याच्या वकीलमंडळींत तशी दुसरी नव्हती, आणि हे त्यांना ठाऊक होते.

एकदा आमच्या पोस्टमास्तरांनी विचारले, "वकीलसाहेब, आपण जहाजात कितीदा बसलात?"

"काशीचं माहात्म्य सांगायला काशीला जावंच लागतं का?"

"लोक जातात," पोस्टमास्तर म्हणाले.

कल्याणच्या कोर्टात काम निघाले की आमचे पक्षकार खाडीतून पडावाने जात. वकीलसाहेब आगगाडीने जात. वेळ वाचतो, असे ते सांगत, आणि वाचलेला वेळ कल्याणच्या फलाटावर बसून घालवत.

त्यांचे कायमचे प्रतिपक्षी म्हणजे समोरच्या घरातले शास्त्रीबुवा. दोघांचे भांडण जुने होते आणि संध्याकाळी तळ्याच्या एकाच पायरीवर बसून चाले. शास्त्रीबुवा कमी बोलत. "किनारा डोळ्यांना दिसतोय तोवर दोष नाही," ते म्हणत. "रत्नागिरीची माणसं आगबोटीनं येतात-जातात, त्यांना कोण विचारतो? किनारा दिसेनासा झाला की मात्र दोष लागला. मग प्रायश्चित्त."

"म्हणजे धर्म काय डोळ्यांत असतो?"

"तुमचा जिभेत असतो, आमचा डोळ्यांत असला तर बिघडलं काय?"

अशी दोघांची करमणूक चालली होती, आणि कुणाचे काही वाईट होत नव्हते. तेवढ्यात मुंबईचे एक भाटिया शेटजी मध्ये आले.

या शेटजींचा भिवंडीकडच्या जमिनीचा दावा वकीलसाहेबांनी जिंकून दिला होता. शेटजींची एका आगबोटीत भागीदारी होती. बोट विलायतेहून नवी कोरी आली होती, आणि ती माल वाहायला लागण्यापूर्वी स्नेहीमंडळींना दिवसभर समुद्रावर न्यावे, हवा खाऊ घालावी आणि दिवेलागणीला परत आणावे, असा त्यांचा बेत होता. त्यांनी वकीलसाहेबांना सहकुटुंब बोलावले. बरोबर मलाही.

दुसऱ्या कुणी असे बोलावणे मिळाल्यावर घरी जाऊन विचार केला असता. वकीलसाहेब थेट वाचनालयात गेले आणि जाहीर करून बसले. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर पोस्टमास्तरांनी शांतपणे विचारले, "वहिनींनाही नेणार असाल. स्त्रियांना मोकळी हवा हवी, असं गेल्या महिन्यात आपणच म्हणाला होतात."

वकीलसाहेबांचे उपरणे खांद्यावरून मागे गेले. "का नाही?" ते म्हणाले. पण आवाज थोडा उशिरा निघाला.

त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. काकूंचे माहेर हर्णैकडे, समुद्राच्या अगदी काठाला. लग्न होऊन ठाण्याला आल्यापासून त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. नवऱ्याचे समुद्रावरचे व्याख्यान मात्र स्वयंपाकघरातून वर्षानुवर्षे ऐकत होत्या. बेताची बातमी वकीलसाहेबांनी त्यांना सांगितली तेव्हा मी ओसरीवर कागद चाळत होतो.

"अगं, येत्या रविवारी आपण आगबोटीवर जातोय. दिवसभर."

"दशम्या करू की पोळ्या?"

"मी तुला समुद्रावर नेतोय, त्याचं काही नाही?"

"म्हणूनच विचारते. दशम्या प्रवासात चालतील," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. आत गेल्यावर बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही.

आम्ही पहाटेच्या गाडीने मुंबईला गेलो. धक्क्यावर ती बोट पांढरी शुभ्र उभी होती. वर शामियान्यासारखे छत लावले होते, खाली वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या, गुलाबपाणी शिंपडले जात होते. पारशी होते, गुजराती होते, दोन-चार साहेब होते. मार्गशीर्षाचे दिवस. एवढे मी मुद्दाम सांगून ठेवतो, की त्या दिवशी समुद्र तापवून निवत ठेवलेल्या दुधासारखा होता. साय धरेल इतका.

बोट सुटली. शेटजींनी वकीलसाहेबांना चार शब्द बोलायची विनंती केली. अशी विनंती नाकारण्याची त्यांना सवय नव्हती. ते उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला, आर्यांना जहाजात बसवले. बोट कुलाब्याच्या दीपस्तंभाला वळसा घालून उघड्या पाण्यावर आली आणि अगदी हलकेच, पाळणा एकदा हलवावा तशी हलली. "सद्गृहस्थहो," वकीलसाहेब म्हणाले, "जो लाटेला," आणि थांबले. त्या वाक्याचा उरलेला भाग त्यांनी कठड्यावर ओणवे होऊन समुद्रालाच ऐकवला.

आम्ही त्यांना खाली एका खोलीत नेऊन निजवले. पगडी छातीवर धरून ते उताणे पडले. मिशी दोन्ही बाजूंनी खाली लोंबली होती. मी पहिल्यांदाच ती तशी पाहिली.

"बोटीला जरा थांब म्हणावं," ते म्हणाले.

"थांबली तर जास्त हलते, असं खलाशी सांगतात."

"मग पळव म्हणावं."

"पळतेच आहे."

"कुठं पळतेय?" त्यांनी डोळे मिटूनच विचारले. मग जरा वेळाने, "किनारा दिसतो का हो?"

मी वर जाऊन पाहून आलो. दिसत होता. थोड्या वेळाने पुन्हा विचारले, पुन्हा गेलो. मला हे काम आवडू लागले होते, कारण वर हवा चांगली होती.

वर काकू कठड्याशी उभ्या होत्या. मी ज्या काकूंना ओळखत होतो, त्या कायम कशाच्या तरी लगबगीत असत. हातात काहीतरी असेच. परात, पंचा, मूल. इथे त्यांचे हात नुसते कठड्यावर ठेवलेले होते. मागे डोंगरांची एक फिकट रेघ उरली होती. ती पुसत गेली आणि मग कुठून पुसली गेली तेही कळेना. काकूंनी मागे पाहिले, पुढे पाहिले, आणि कठड्यावरचे दोन्ही हात सावकाश काढून घेतले. कशालाही न धरता त्या उभ्या राहिल्या.

खाली गेलो. "दिसतो का?"

"आता नाही."

वकीलसाहेबांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले.

दुपारी काकूंनी दशम्या खाल्ल्या, वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या आणि शेटजींच्या म्हाताऱ्या आईशी गप्पा मारत राहिल्या. एकीला मराठी येत नव्हते, एकीला गुजराती. दोघींचे बोलणे मात्र दुपारभर खंडले नाही. अधूनमधून काकू खाली येऊन नवऱ्याच्या कपाळावर ओला पंचा ठेवून जात. "फार होतंय का?" असे विचारत. ते मान हलवत. कुठल्या अर्थी, ते सांगता येणार नाही.

परतीच्या आगगाडीत वकीलसाहेबांची प्रकृती स्टेशनागणिक सुधारली. कुर्ल्याला पगडी डोक्यावर चढली. भांडुपला मिशीला पीळ बसला. ठाण्याला उतरले तेव्हा ते समुद्र जिंकून आलेले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालयात 'समुद्रावरील एक दिवस' हे व्याख्यान झाले. अर्धे ठाणे लोटले होते. मी खाली बसून ऐकत होतो आणि आपण कुठल्या बोटीवर गेलो होतो असा विचार करत होतो. त्यांच्या बोटीवर डोंगराएवढ्या लाटा होत्या. त्यांच्या बोटीवर बायका घाबरल्या होत्या आणि त्यांना कुणीतरी धीर देत होते. "आणि मग, सद्गृहस्थहो, जमीन दिसेनाशी झाली. चहूकडे अथांग जलराशी. मी कठड्याशी उभा राहून ते दृश्य डोळे भरून पाहिले."

मागच्या दाराशी शास्त्रीबुवा उभे होते. ते वाचनालयात कधी येत नसत. "किनारा दिसेनासा झाला?" त्यांनी विचारले.

"झाला म्हणजे? नावालाही उरला नाही."

"बरं," शास्त्रीबुवा म्हणाले आणि घरी गेले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. वकीलसाहेबांची मुलगी यमू हिचे लग्न कल्याणच्या वैद्यबुवांच्या मुलाशी ठरले होते. घर चांगले, मुलगा शिकणारा. वैद्यबुवांना व्याख्यानाची खबर लागायला वेळ लागला नाही. त्यांचा निरोप आला तो असा, की समुद्र ओलांडलेल्या घरची मुलगी करायची तर शुद्धी आधी झाली पाहिजे, नाहीतर आम्हाला दुसरीकडे पाहावे लागेल. निरोपात राग नव्हता. त्यामुळेच तो खरा वाटला.

वकीलसाहेब त्या दिवशी कोर्टात गेले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला बोलावले. "तुम्ही बरोबर होतात," ते म्हणाले. "किनारा दिसत होता, असं सांगाल?"

"व्याख्यानाला अर्धं ठाणं होतं, साहेब."

ते बराच वेळ उपरण्याचा काठ चाळवत बसले. त्यांची अडचण मला कळत होती, आणि खरे सांगायचे तर थोडी गंमतही वाटत होती. समुद्र पाहिला म्हणावे तर दोष लागतो, मुलीचे लग्न अडते, आणि प्रायश्चित्त घेतले तर वाचनालयात तोंड दाखवायला जागा नाही. पाहिलाच नाही म्हणावे तर दिवसभर पांघरुणात होतो हे सांगावे लागते. वीर व्हावे तर पापी, निर्दोष व्हावे तर हास्यास्पद. वकिलाच्या पेशात माणूस दुसऱ्यांना अशा कात्रीत धरत असतो. स्वतःला धरलेले मी प्रथमच पाहत होतो.

ठरलेल्या दिवशी आम्ही कल्याणला गेलो. काकूही आल्या. वैद्यबुवांच्या ओसरीवर गावातली पाच-सहा वजनदार मंडळी बसली होती आणि निर्णय द्यायला म्हणून ठाण्याहून शास्त्रीबुवांनाच आणले होते. वैद्यबुवा सज्जन माणूस. तपकीर ओढून म्हणाले, "मला स्वतःला काही नाही. पण उद्या पंगतीला माणसं बसली पाहिजेत."

वकीलसाहेब उभे राहिले. उपरणे जागच्या जागी राहिले. "मी किनारा दिसेनासा झालेला पाहिला नाही," ते म्हणाले. "मी खाली निजून होतो. मला बोट लागली होती. सकाळपासून परत येईपर्यंत." मग थोडे थांबून, "व्याख्यानात सांगितलं ते खोटं होतं."

ओसरीवर कुणीतरी हसू दाबले. माझ्या मनात आले, की चला, मुलीसाठी का होईना, एकदा खरे बोलले.

शास्त्रीबुवांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. "मग यांना दोष नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. मग ते दाराआड उभ्या असलेल्या काकूंकडे वळले. "आणि तुम्ही?"

काकूंनी तिथे सोपे उत्तर दिले असते तर आम्ही सगळे घरी गेलो असतो. मीही खाली होते, यांची शुश्रूषा करत होते, एवढेच म्हणायचे होते. वैद्यबुवा जवळजवळ तेच शब्द त्यांच्या तोंडात घालू पाहत होते. "वहिनी खालीच असतील. यांना बरं नसताना वर कशाला जातील?"

"मी वर होते," काकू म्हणाल्या. "किनारा नव्हता. मी पाहिलं. प्रायश्चित्त सांगाल ते घेईन. पाहिलं नाही असं मात्र म्हणणार नाही."

आवाज मोठा नव्हता. मग शास्त्रीबुवांनी निर्णय दिला. वकीलसाहेब निर्दोष. काकूंनी खाडीवर स्नान करावे, दोन बोटे केस उतरावेत, पंचगव्य घ्यावे, आणि ते होईपर्यंत वेगळे बसावे. लग्नाला हरकत नाही. वैद्यबुवांनी सुटकेचा श्वास सोडला. काकू एकट्याच ओसरीच्या टोकाला जाऊन बसल्या. कुणी त्यांच्या जवळ गेले नाही. जाण्याची रीत नव्हती.

"मीही पाहिलं," वकीलसाहेब म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. मी तर पाहिलेच.

"आत्ताच म्हणालात निजून होतात," वैद्यबुवा म्हणाले.

"मध्ये एकदा वर आलो होतो. हिच्या शेजारी उभा होतो. विसरलो होतो."

हे धडधडीत खोटे होते. हाताखाली आल्यापासून मी त्यांना कोर्टात नाना परींनी सत्य वाकवताना पाहिले होते, पण इतक्या वाईट रीतीने खोटे बोलताना कधीच नाही. शास्त्रीबुवा त्यांच्याकडे बघत राहिले. तळ्याच्या पायरीवर ज्या माणसाशी रोज भांडायचे, त्याला ते चांगले ओळखत होते.

"विचार करा," ते म्हणाले. "पुरुषाला क्षौर आहे. मिशीसकट."

"ठाऊक आहे," वकीलसाहेब म्हणाले, आणि जाऊन ओसरीच्या टोकाला काकूंच्या शेजारी बसले.

ठाण्याला परतल्यावर दोन्हीकडून व्हायचे ते झाले. सनातन्यांनी टर उडवली आणि सुधारकांनी झोडपले. वाचनालयात पोस्टमास्तरांनी भ्याडपणावर एक व्याख्यान दिले, ते बरे झाले. पोस्टमास्तर स्वतः जन्मात होडीत बसले नव्हते, हे सांगायची गरज नाही. वकीलसाहेब बिनमिशीचे कोर्टात उभे राहिले तेव्हा न्यायाधीशांनी हळू आवाजात विचारले, "घरी काही दुःखद?"

"नाही," वकीलसाहेब म्हणाले. "घरी लग्न आहे."

यमूचे लग्न थाटात झाले. पंगतीला माणसे बसली, आणि सर्वांत जास्त जेवले ते शुद्धीचा आग्रह धरणारे. मिशी पुढे पुन्हा आली, पण पूर्वीसारखी भरली नाही. समुद्रावरचे व्याख्यान त्यांनी पुन्हा दिले नाही. बोलणे कमी झाले असे मी म्हणणार नाही. ते आता नगरपालिकेच्या दिव्यांवर बोलत, आणि तेही असह्य असे.

काही वर्षांनी ते तापाने गेले. वाचनालयात शोकसभा झाली. तुम्ही अशा सभा पाहिल्या असतील. ज्यांनी त्यांना भ्याड म्हटले होते त्यांनीच निर्भय म्हटले. एका वक्त्याने त्यांना भर वादळात डोलकाठीशी उभे केले. मी मागे बसून ऐकले आणि उठून आलो. त्या माणसाबद्दल मला जे आठवते, ते त्या सभेत सांगण्यासारखे नव्हते.

मला आठवतो तो त्या दिवशीचा कल्याणचा घाट. विधी आटोपले होते. वैद्यबुवांची मंडळी पुढे गेली होती. वकीलसाहेब ओल्या पंच्याने पायरीवर बसले होते. उघडा पडलेला वरचा ओठ ते पुनःपुन्हा चाचपत होते, आणि पंचगव्याने त्यांचा चेहरा बोटीवर झाला होता त्याहून वाईट झाला होता. काकूंनी पदराच्या गाठीतून सुंठेचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. तो चघळत ते खाडीकडे बघत राहिले. मला ओसरीवर कुणी विचारले नव्हते, पण किनारा गेलेला मीही पाहिला होता, म्हणून मीही खाडीत बुडी मारून दोन पायऱ्या वर धोतर वाळायची वाट पाहत होतो.

"कसं दिसतं गं ते?" त्यांनी विचारले.

"काय?"

"किनारा नसतो तेव्हा."

काकू जरा वेळ आठवत राहिल्या. "आधी डोंगर निळे झाले," त्या म्हणाल्या. "मग राखेसारखे. मग मी पाण्यात एक मासा उडाला तो बघत होते, आणि मान वर केली तर डोंगर नव्हतेच. सगळीकडे सारखंच. कुठं बघावं कळेना."

"भीती वाटली?"

"वाटली ना," काकू म्हणाल्या. "तुम्ही खाली होतात."

वकीलसाहेबांच्या तोंडातली सुंठ एका गालातून दुसऱ्या गालात गेली. मग ते पायरीवर थोडे सरकले, तिला बसायला जागा केली आणि म्हणाले, "मासा कसा होता, ते सांग."

मी धोतर ओलेच नेसलो आणि वर निघून आलो.